पुलमन गावचा संप

संप होतो तो पगारासाठी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १८९४ साली अमेरिकेत शिकागोजवळ पुलमन येथे जो संप झाला, त्याचे मूळ मात्र पगाराइतकेच घरभाड्यातही होते.

जॉर्ज पुलमन हा रेल्वेचे झोपण्याचे डबे बांधणारा कारखानदार. त्याने १८८० नंतर कामगारांसाठी गावच वसविले. पक्क्या विटांची घरे, नळ, बागा, नाटकगृह; पाहुणे येत आणि वाखाणून जात. पण तेथे कामगाराला घर विकत मिळत नसे. घरे कंपनीची, दुकानांचे गाळे कंपनीचे, चर्चची इमारतही कंपनीचीच, आणि तिलाही भाडे!

१८९३ साली मंदी आली. कंपनीने मजुरी सरासरी सुमारे २५ टक्के कापली. भाडे मात्र तसूभरही उतरविले नाही. भागधारकांचा लाभांशही चालूच राहिला. जेनी कर्टिस नावाची शिवणकाम करणारी तरुणी होती. तिचा बाप त्या कंपनीत १३ वर्षे राबून वारला, तेव्हा त्याच्या नावे थकलेले ६० डॉलर भाडे तिच्याकडून वसूल होऊ लागले. पगार देणारा हात आणि भाडे घेणारा हात एकच असला म्हणजे हे असे होते.

मे महिन्यात कामगारांची समिती गाऱ्हाणे घेऊन गेली. लगोलग तिच्यातील तिघांना कमी केले. ११ मे रोजी संप सुरू झाला.

युजीन डेब्ज यांची अमेरिकन रेल्वे युनियन तेव्हा जेमतेम वर्षाची होती. लवाद नेमण्यास कंपनी तयार होईना, तेव्हा २६ जूनपासून पुलमन डबा जोडलेली गाडी हलवायची नाही, असे ठरले. दूरदूरचे सांधेवाले आणि फायरमन त्या अनोळखी कारागिरांसाठी पोटावर पाय घेऊन उठले. आम्हांला या संपातील हाच भाग सर्वांत मोठा वाटतो.

तो मोडला कसा? टपाल अडते, हे निमित्त झाले. ॲटर्नी जनरल ओल्नी हे पूर्वीचे रेल्वे कंपन्यांचे वकील! २ जुलैला कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. पुढाऱ्यांनी कामगारांना संपावर या म्हणणेही त्याने गुन्हा ठरले. पाठोपाठ राज्यपाल आल्टगेल्ड यांनी न मागताच केंद्राचे लष्कर आले. डेब्ज यांना पुढे सहा महिन्यांची कैद झाली.

आणखी एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. काळ्या कामगारांना सभासद करून घ्यावे, असे डेब्ज यांचे मत होते. पण युनियनच्या जूनमधील अधिवेशनात ते थोड्या मतांनी पडले. आता, पुलमन डब्यांतले पोर्टर बहुतेक सारे काळे! ज्या डब्यांवर बहिष्कार, त्यांतल्याच माणसाला युनियनचे दार बंद. मालकाला दुसरे काय हवे होते?

१८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्या गावची मालकी सोडावयास लावली. पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली आपली स्वतंत्र युनियन उभारली. कंपनीने तिच्याशी करार केला, तो १९३७ साली.