यानात कोणाला घ्यायचं?

दोस्तांनो, समजा तुम्ही एका अंतराळयानाचे कप्तान आहात. यान गुरू ग्रहाकडे निघालं आहे. सगळी तयारी झाली, फक्त एक जागा रिकामी आहे आणि त्या जागेसाठी दोन अर्ज तुमच्या टेबलावर येऊन पडले आहेत.

पहिला अर्ज लेफ्टनंट रेजिनाल्ड बार्कलेचा. काम इंजिनिअरचं. बोलताना अडखळतो. चार माणसं समोर आली की याला घाम फुटतो. कामावर उशिरा येतो. वरिष्ठांचा शेरा : याला दुसरीकडे पाठवा.

दुसरा अर्ज हॅल ९००० याचा. हा माणूस नाही, संगणक आहे. झोपत नाही, जेवत नाही, रजा मागत नाही. बुद्धिबळात समोरच्याला हरवतो. शेरा : या जातीच्या एकाही संगणकाच्या नावावर आजवर चूक नाही.

बोला, कोणाला घ्याल? थांबा, घाई नको. आधी दोघांची चौकशी करू.

हे दोघेही विज्ञानकथांमधले. बार्कले हा ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेतला, १९९० साली तो पहिल्यांदा पडद्यावर आला. हॅल हा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधला. १९६८ साली स्टॅन्ली कुब्रिकने हा सिनेमा काढला आणि त्याच वर्षी आर्थर क्लार्क यांची त्याच नावाची कादंबरी आली. हे क्लार्कसाहेब आपल्या शेजारच्या श्रीलंकेत राहायचे बरं का! १९५६ सालापासून ते थेट २००८ साली वारले तोपर्यंत.

आता बार्कले. एंटरप्राइझ नावाच्या भल्यामोठ्या यानावर तो कामाला असतो. तिथल्या पोरासोरांनी त्याला नाव ठेवलेलं असतं, ‘ब्रोकोली’! ब्रोकोली म्हणजे ती हिरव्या फ्लॉवरसारखी दिसणारी भाजी. हे चिडवणं इतकं पसरतं की एकदा खुद्द कप्तान पिकार्ड यांच्याच तोंडून सगळ्यांसमोर ‘मिस्टर ब्रोकोली’ निघून जातं. बिचारा बार्कले! यानात एक खोली असते, तिच्यात हवं ते खोटं जग उभं करता येतं. बार्कले कामावरून सटकून तिथे जाऊन बसतो. त्या खोट्या जगात तो शूर असतो, तलवार फिरवतो आणि त्याचे साहेब तिथे विदूषक झालेले असतात. (आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यात अशी खोली असते, ते विचारत नाही.)

त्याचा साहेब ज्यॉर्डी ला फोर्ज वैतागून कप्तानाकडे जातो, याची बदली करा म्हणतो. गंमत अशी की हा ला फोर्ज स्वतः जन्मांध. डोळ्यांवर पट्टीसारखं यंत्र लावून तो बघतो आणि तरी तो यानाचा मुख्य इंजिनिअर आहे! त्याचं आडनावही उगीच ठेवलेलं नाही. जॉर्ज ला फोर्ज नावाचा स्टार ट्रेकचा एक खराखुरा चाहता होता, स्नायूंच्या आजाराने चाकाच्या खुर्चीत बसलेला. तो १९७५ साली वारला. त्याची आठवण म्हणून हे नाव.

पण कप्तान बदली करत नाहीत. उलट ला फोर्जलाच सांगतात, की त्याच्याशी नीट ओळख करून घे. मला हा कप्तान आवडतो. पुढे यानात विचित्र बिघाड सुरू होतात. कुठे पेला गळतो, कुठे यंत्र बंद पडतं आणि शेवटी इंजिनाचा वेग वाढतच जातो, थांबेना! यान फुटायला काही मिनिटं उरलेली. सगळे हुशार इंजिनिअर यंत्रायंत्रांमधला दुवा शोधत असतात. अडखळत बोलणारा बार्कले म्हणतो, की दुवा यंत्रांत नसेलच. बिघाड आपणच, म्हणजे माणसंच, एका जागेवरून दुसरीकडे नेत असू. आणि ते खरं निघतं. एका फुटलेल्या डब्यातला पदार्थ हातांना लागून यानभर पसरलेला असतो. यान वाचतं.

तुम्ही म्हणाल, बाई, ही तर गोष्ट! मग एक खरी हकीकत ऐका.

अर्नाळ्याच्या किल्ल्यावर होडीने जाताना काही जणांना पहिल्या दोन लाटांतच मळमळायला लागतं. आपण म्हणतो, त्याला बोट लागली. (पाचूबंदरच्या कोळ्यांच्या मुलांना याचं हसू येईल, पण हसू नका.) हे का होतं? आपल्या कानाच्या आत अगदी खोल बारीक नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं हललं की तो द्रव हलतो आणि मेंदूला तोल कळतो. डोळे एक सांगायला लागले आणि कान दुसरंच, की मेंदूचा गोंधळ होतो आणि पोटात ढवळतं. अंतराळात तर वर-खाली असं काही उरतच नाही. त्यामुळे पट्टीच्या वैमानिकांनाही पहिले काही दिवस त्रास होतो.

१९५० नंतरच्या त्या दशकाच्या शेवटी अमेरिकन शास्त्रज्ञांना प्रश्न पडला होता, की माणसाला हे सहन होईल का? तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजमधली अकरा माणसं निवडली. हे कॉलेज बहिऱ्यांचं. अकरापैकी दहा जण लहानपणी मेंदूज्वराने बहिरे झाले होते आणि त्यात कानातली ती तोल सांगणारी यंत्रणाही गेली होती. त्यांच्यातल्या काहींना वीस फूट रुंदीच्या, सतत गोल फिरणाऱ्या खोलीत बारा दिवस ठेवलं. काही झालं नाही. मग त्यांना कॅनडाजवळच्या खवळलेल्या समुद्रात बोटीतून नेलं. बोट अशी काही हेलकावत होती की विचारू नका. आणि हे गडी आरामात पत्ते खेळत बसले! बोट लागली ती त्यांना तपासायला आलेल्या शास्त्रज्ञांना, आणि ती इतकी की प्रयोगच बंद करावा लागला.

पुढे अंतराळात मात्र या अकरांपैकी कोणालाही पाठवलं नाही. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. सूर्याच्या रथाचा सारथी कोण? अरुण. आई विनतेने घाईने अंडं फोडलं म्हणून तो मांड्यांशिवाय जन्मला, अशी पुराणातली कथा आहे. पण रोज पहाटे आकाशात रथ हाकायला त्याचीच ड्युटी! आणि आता हे खरंही होऊ घातलंय. ब्रिटनच्या जॉन मॅकफॉल यांचा एक पाय तरुणपणी अपघातात गेला. युरोपच्या अंतराळ संस्थेने त्यांना २०२२ साली निवडलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतराळस्थानकावरच्या दीर्घ मोहिमेसाठी ते वैद्यकीयदृष्ट्या पात्र आहेत असं जाहीर केलं.

मग काय, कोणताही दोष चालतो? छे! आपली विरार लोकल घ्या. मोटरमनला लाल-हिरवा फरक ओळखता आलाच पाहिजे, तिथे दयामाया नाही. रंगांधळा माणूस उत्तम शिक्षक होईल, उत्तम डॉक्टर होईल, पण सिग्नल बघून गाडी हाकणं हे त्याचं काम नव्हे. म्हणजे ‘हा योग्य का?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘कशासाठी?’ हेही विचारावं लागतं. मोटरमनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. लोकलच्या जुन्या डब्यांत त्याला हातातला दांडा सतत दाबून धरावा लागतो. त्याला चक्कर आली, हात सुटला, की आपोआप ब्रेक लागतो. मागच्या डब्यात गार्ड असतो (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात), त्याने दोन घंटा दिल्याशिवाय गाडी स्टेशनातून हलत नाही. हा दांडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वळू हॅलकडे. डिस्कव्हरी नावाच्या यानात पाच माणसं. तिघांना कृत्रिम झोपेत ठेवलेलं, दोघं जागे, बोमन आणि पूल. बाकी सगळं हॅलच्या ताब्यात : दारं, हवा, दिशा. त्याच्यावर ना दांडा, ना गार्ड. एके दिवशी हॅल सांगतो, की पृथ्वीशी बोलण्याच्या अँटेनाचा एक भाग लवकरच बिघडणार. दोघं तो काढून तपासतात, तर भाग ठणठणीत! पृथ्वीवरचा तसाच दुसरा संगणकही म्हणतो, हॅल चुकला. तेव्हा दोघं आवाज बाहेर जाणार नाही अशा जागी बसून ठरवतात, की हॅल खरंच चुकला असेल तर त्याला बंद करायचं. पण काचेतून हॅल त्यांचे ओठ वाचत असतो. पुढे पूल यानाबाहेर मारला जातो. झोपलेले तिघं झोपेतच मरतात. बोमन कसाबसा आत शिरतो आणि हॅलची स्मृती एकेक तुकडा करून बंद करतो.

एवढं सांगून झाल्यावर आमच्या चौथीच्या वर्गात चिडीचूप शांतता. मग एकच गलका, काढा त्याला, मोडून टाका त्याला!

पण हॅल असा वागला का? याचं उत्तर क्लार्क यांनी चौदा वर्षांनी दिलं, १९८२ साली, ‘२०१० : ओडिसी टू’ या कादंबरीत. दुसरं एक यान डिस्कव्हरीचा शोध घ्यायला जातं. त्यात हॅलला शिकवणारे शास्त्रज्ञ असतात, डॉक्टर चंद्रा. पूर्ण नाव शिवसुब्रमण्यन चंद्रशेगरमपिल्लै, आपल्या भारतातले! (१९८४ च्या सिनेमात हे काम अमेरिकन नटाला दिलं. असो.) शिष्य बिघडला म्हणून हे गुरुजी थेट गुरू ग्रहापर्यंत गेले. हॅलला त्यांनी हळूहळू पुन्हा सुरू केलं आणि कारण सापडलं. हॅलला बनवलं होतं खरी माहिती खरीच सांगण्यासाठी. पण वरून गुप्त हुकूम आला होता, की मोहिमेचा खरा हेतू बोमन आणि पूलला कळू द्यायचा नाही. खोटं बोलायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. दोन आज्ञांच्या कात्रीत तो सापडला आणि वेडा झाला.

हे सांगितल्यावर शेवटच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, मग त्या हुकूम देणाऱ्याला कोणी काढलं का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण म्हणजे माफी नव्हे, हे मात्र मी वर्गाला सांगितलं. चार माणसं मेली, ती मेलीच. तरीपण हॅलच्या अर्जावर ‘नालायक’ असा शेरा मारायला माझा हात धजत नाही. दोष त्याच्यात होता की त्याला दिलेल्या कामात? मी त्याला घेईन, पण मोटरमनसारखा. हाताखाली दांडा हवा, मागे दोन घंटा देणारा कोणीतरी हवा, आणि पाठीमागे गुपित नको. (बार्कलेची निवड मी केव्हाच केली आहे. फक्त त्याला ब्रोकोली म्हणणाऱ्याला यानातून उतरवण्यात येईल.)

कादंबरीतल्या लोकांनी काय केलं माहीत आहे? त्यांनीही दांडा लावला, पण लपवून! हॅल पुन्हा बिघडला तर त्याची मुख्य तार कापली जावी म्हणून त्यांनी गुपचूप एक यंत्र बसवलं आणि चंद्रांनाही सांगितलं नाही. लोकलचा दांडा मोटरमनला माहीत असतो, सगळ्यांनाच माहीत असतो, म्हणून त्याचा अपमान होत नाही. इथे मात्र ज्या लपवाछपवीने पहिल्यांदा घात केला, तीच पुन्हा. चंद्रा हुशार, त्यांनी ते यंत्र शोधून काढून टाकलं.

आणि मग खरी परीक्षा आली. गुरूजवळून ताबडतोब निघायचं होतं. त्यासाठी डिस्कव्हरीचं इंजिन हॅलनेच पेटवायला हवं होतं. माणसं दुसऱ्या यानातून सुटणार आणि डिस्कव्हरी मागेच राहणार, हॅलसकट. हे त्याला सांगायचं का? सगळ्यांना भीती, की कळलं तर हा ऐन वेळी इंजिन बंद करेल. सिनेमात हा प्रसंग बघण्यासारखा आहे. उलटी मोजणी चाललेली, हॅल पुन्हापुन्हा शंका काढतोय आणि चंद्रा घामाघूम. अखेर ते त्याला खरं काय ते सांगून टाकतात. हॅल त्यांचे आभार मानतो आणि इंजिन पेटवतो, अगदी ठरल्या क्षणी. त्याआधी त्याने एक प्रश्न विचारलेला असतो, मला स्वप्नं पडतील का म्हणून. त्यावर चंद्रा त्याला एवढंच सांगतात, की मला माहीत नाही.