चकतीतलं गाणं वाचवू या!

मुलांनो, घरातलं कपाट उघडून बघा. एखाद्या खणात सीडींची चवड बहुधा सापडेलच. गीतरामायण, अभंग, बडबडगीतं, कदाचित ताईच्या स्नेहसंमेलनाची सीडीसुद्धा! पण ती वाजवायची कशावर? नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. मग ही गाणी भंगारात जाणार का? मुळीच नाही. ती संगणकात उतरवून घेता येतात. फक्त घाई करायला हवी.

गाणं नव्हे, आकडे!

सीडी बाजारात आली १९८२ साली. तिच्यात आवाज नसतो, असतात आकडे. एका सेकंदात आवाजाचं मोजमाप ४४,१०० वेळा घेतलेलं असतं, तेही डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं. म्हणजे सेकंदाला ८८,२०० आकडे. पाच मिनिटांच्या गाण्यात किती? करा गुणाकार! उत्तर येईल २ कोटी ६४ लाख ६० हजार. हे आकडे चकतीवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असतात आणि लेसर किरण ते वाचतो.

याचा फायदा काय? गीतरामायणच घ्या. ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीतं, संगीत सुधीर फडक्यांचं. १ एप्रिल १९५५ पासून ती पुणे आकाशवाणीवर सुरू झाली. पुढे ध्वनिमुद्रिका, कॅसेट, सीडी असा प्रवास करत ती घरोघरी पोचली. कॅसेटवरून कॅसेट भरली की दर वेळी खरखर वाढायची, आई-बाबांना विचारा. आकड्यांचं तसं नाही. एका वहीतले ४७ दुसऱ्या वहीत उतरवले तरी ते ४७च राहतात!

पण सीडी अमर नाही

आकडे वाचता आले तरच उतरवता येतील ना? सीडीतला चमकदार धातूचा थर छापील बाजूला, अगदी वरवर असतो. तिथे ओरखडा गेला की गाणंच खरवडलं जातं. आपल्या वाशीसारख्या खाडीकाठच्या गावात हवा दमट. त्या ओरखड्यातून ओल शिरली की धातू गंजतो. संगणकावर भरलेल्या सीडीत तर खळगे नसतात, रंगाचा थर असतो आणि तो हळूहळू उडतो. म्हणून स्नेहसंमेलनाच्या सीडीचा नंबर पहिला!

एमपी३ की फ्लॅक?

पाच मिनिटांचं गाणं सीडीवर सुमारे ५० एमबी जागा घेतं. साधी एमपी३ फाइल ५ एमबीतच भागवते, पण कानाला फारसे जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देते. ते पुन्हा मिळत नाहीत.

फ्लॅकची युक्ती निराळी. समजा आकडे आहेत १२००, १२०४, १२०७. फ्लॅक पुढच्या आकड्याचा अंदाज बांधतं आणि फक्त फरक लिहितं : १२००, मग ४, मग ३. जागा बरीच वाचते, पण वाजवताना मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. म्हणून जपून ठेवायची प्रत फ्लॅकमध्येच करा.

चला, कामाला लागू!

१. यूएसबीला जोडायचा सीडी ड्राइव्ह आणा किंवा शेजारच्या काकांकडून मागून घ्या.

२. मऊ कापडाने सीडी मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.

३. विंडोज असेल तर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा कार्यक्रम आई-बाबांच्या मदतीने घ्या. त्यात ‘सिक्युअर’ पद्धत निवडली की तो शंकास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचून खात्री करतो. वेळ लागला तर कंटाळू नका.

४. फाइलला गीत, गायक, कवी, संगीतकार यांची नावं द्या. ‘ट्रॅक ०१’ वरून दहा वर्षांनी काय कळणार?

५. दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या जागी ठेवा.

आणि हो, नकला काढून विकायच्या नाहीत हं! तो गुन्हा आहे, आणि त्या गाण्यांवर कलावंतांचा हक्क असतो.

येत्या रविवारी आजीला शेजारी बसवा. कुठलं गाणं आधी वाचवायचं, ते तिलाच ठरवू द्या!