संथ यंत्र, ताजा रस

उन्हाळ्यात रसवंतीगृहातील घुंगरांचा नाद कानी पडला की पावले आपोआप थबकतात. तेथील चरक उसाचा कीस करीत नाही. तो ऊस दाबतो, पिळतो आणि एका बाजूस रस, तर दुसऱ्या बाजूस चिपाडे काढून देतो. अलीकडे अनेक घरांच्या ओट्यावर दिसू लागलेला ‘स्लो ज्यूसर’ जवळजवळ याच तत्त्वावर चालतो. नेहमीच्या ज्यूसरमधील चकती मिनिटाला हजारो फेरे घेत फळाचा कीस करते आणि रस बाहेर फेकते. स्लो ज्यूसरमधील मळसूत्री दांडा मात्र मिनिटाला साधारणतः ४० ते १०० फेरे घेत फळ चाळणीवर दाबतो. रसात हवा कमी मिसळल्याने फेस कमी येतो व चोथा बराच कोरडा निघतो.

फळ तशी रीत

यंत्र संथ असले तरी वापरणाऱ्याने घाई केल्यास ते अडते. गाजर व बीट यांचे बोटाएवढे तुकडे करून एकेक घालावेत. निलगिरीचे नारिंगी गाजर असो वा उत्तर भारतातील हिवाळी लाल गाजर, रीत तीच. पालक, पुदिना यांच्या देठांचे तंतू दांड्याभोवती गुंडाळले जातात; म्हणून ते बारीक चिरावेत आणि मध्ये मध्ये काकडी किंवा सफरचंदाची फोड घालावी. आले आधी व रसाळ फळ नंतर घातल्यास आल्याचा अर्क यंत्रात अडकून राहत नाही.

संत्र्या-मोसंब्यांची साल, पांढरा पापुद्रा व बिया काढाव्यात; अन्यथा रस काही वेळाने कडवट होतो. आवळ्याची बी काढणे आवश्यकच. डाळिंबाचे दाणे मूठभर घ्यावेत. केळी व पिकलेला आंबा यांचा रस सुटत नाही, केवळ गर निघून चाळणी बुजते. त्यांच्यासाठी मिक्सरच योग्य. ऊस मात्र चरकासाठीच ठेवावा.

दुधी आधी चाखावा

दुधीभोपळ्याचा रस अनेक जण औषध म्हणून सकाळी घेतात. येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. २०१० साली दिल्लीत दुधी व कारल्याचा मिश्र रस प्यायल्यानंतर एका व्यक्तीचा मृत्यू झाला. कडू दुधीत क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. कारल्याच्या संगतीत दुधीचा कडूपणा जिभेला कळणार तरी कसा? या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा सल्ला स्पष्ट आहे: रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागल्यास संपूर्ण दुधी टाकून द्यावा आणि दुधीचा रस अन्य रसात मिसळू नये. प्यायल्यानंतर मळमळ, उलटी वा जुलाब झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

जमा आणि खर्च

रसाच्या पेल्यात फळाची साखर उतरते, तंतू मात्र बहुतांशी चोथ्यात राहतात. तीन संत्री खाताना पोट भरल्याची जाणीव होते. त्यांचा रस दोन घोटांत संपतो. म्हणूनच मधुमेही व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय रसाची सवय लावून घेऊ नये. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पालक व बीट यांच्या रसाबाबत तीच दक्षता घ्यावी. यंत्र कितीही उत्तम असले तरी रस हा अख्ख्या फळाला पर्याय नव्हे.

चोथाही वाया घालवू नये. गाजर-बीटचा चोथा थालीपिठाच्या वा पराठ्याच्या पिठात उत्तम मिळून येतो. रस काढल्यावर लगेच प्यावा आणि चाळणी त्याच वेळी मऊ ब्रशने धुवावी. वाळलेला चोथा तिच्या छिद्रांत घट्ट बसतो.

हे यंत्र हजारो रुपयांचे असते आणि सुलभ हप्त्यांवर सहज मिळते. खरेदीपूर्वी फळे धुणे, चिरणे आणि नंतर यंत्र स्वच्छ करणे यासाठी रोज अर्धा तास कोण देणार, हे घरात ठरवून घ्यावे. तसे न ठरल्यास हप्ते चालू राहतात आणि ज्यूसर माळ्यावर जातो.