खिशात मावण्याची किंमत

नवशिक्याच्या हातात, त्यातही बाईच्या हातात, लहानसं पिस्तूल द्यावं हा समज अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांत अजून पक्का आहे. नवरा बायकोला घेऊन येतो, काचेखालचं सगळ्यांत छोटं पिस्तूल काढायला सांगतो आणि म्हणतो, हिला हे झेपेल. दिसायला ते खरंच नाजूक असतं. पण रेंजवर पहिली गोळी सुटली की अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सणका बसतो, दुसऱ्या गोळीआधीच हात कचरायला लागतो आणि नेम जातो. मुरलेले प्रशिक्षक म्हणूनच उलटं सांगतात: लहान पिस्तूल हे सरावलेल्या हाताचं हत्यार आहे. मला ते पटतं. ते खरं का आहे, हे मात्र यंत्राच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

रुगर कंपनीचं एलसीपी घेऊ. २००८ साली आलेलं हे पिस्तूल आज खिशातल्या पिस्तुलांचं मापच होऊन बसलं आहे. रिकामं असताना वजन साधारण २६६ ग्रॅम, लांबी १३१ मिलिमीटर, जाडी २१ मिलिमीटर, नळी ७० मिलिमीटर. मॅगझिनमध्ये सहा काडतुसं आणि चेंबरमध्ये एक. काडतूस .३८० एसीपी, म्हणजे युरोपात ज्याला नऊ मिलिमीटर शॉर्ट म्हणतात ते. हेच काडतूस इटालियन लष्कराच्या बेरेटा १९३४ या पिस्तुलातही जायचं, पण ते पिस्तूल होतं ६६० ग्रॅमच्या आसपास. गोळी तीच, आणि पिस्तुलाचं वजन दोन-पंचमांशावर आलं, तर ते साधारण अडीचपट वेगानं हातावर येऊन आदळणार. त्यातून सुटका नाही. शिवाय दस्ता इतका आखूड की करंगळीला जागाच उरत नाही. धरायचं ते दोन बोटांनी. माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर इतकं थोडं की मनगट केसभर हललं तरी गोळी हातभर बाजूला जाते. वजन, मूठ, नेम या तिन्हींतून कापून काढलेला भाग म्हणजे ते खिशात मावणं.

हा सौदा पहिल्यांदा नीट मांडला तो जॉन मोझेस ब्राउनिंग यानं. त्याच्या आधी खिशातली पिस्तुलं नव्हती असं नाही. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची एका गोळीची पिस्तुलं तळहातात लपत. १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकनवर झाडलेली गोळी तशाच पिस्तुलातून सुटली. पण एक बार झाला की हातात उरायचा तो लोखंडाचा तुकडा. खिशात मावेल आणि एकामागून एक गोळ्या झाडेल असं यंत्र व्हायला ब्राउनिंग यावा लागला.

युटामधल्या ऑग्डेन गावचा, १८५५ साली जन्मलेला हा माणूस बंदूक बनवणाऱ्याचा मुलगा. बापाच्या कारखान्यातच हात बसला. १८९७ मध्ये त्याच्या नव्या पिस्तुलाचा नमुना बेल्जियममध्ये लिएजजवळच्या हेर्स्ताल इथल्या एफएन कारखान्यात पोचला. हा कारखाना १८८९ मध्ये बेल्जियन सैन्याच्या माउझर रायफली बनवायला उभा राहिला होता आणि तिथले कारागीर नव्या कामाच्या शोधात होते. दोघांचं जमलं. युरोपात एफएन आणि अमेरिकेत कोल्ट अशी वाटणी झाली. १८९९ मध्ये ७.६५ मिलिमीटरचं, आपण .३२ म्हणून ओळखतो ते काडतूस आलं आणि पाठोपाठ १९०० चं मॉडेल. १९०३ मध्ये कोल्टनं त्याच काडतुसाचं पॉकेट पिस्तूल काढलं: आठ गोळ्या, वजन सुमारे ६८० ग्रॅम, घोडा स्लाइडच्या आत दडवलेला, म्हणजे कोटाच्या अस्तरात अडकायला बाहेर काहीच नाही. मग १९०५ मध्ये त्याहून लहान, वेस्टकोटच्या खिशात जाणारं ६.३५ मिलिमीटरचं पिस्तूल. जेमतेम ११४ मिलिमीटर लांब, ३७० ग्रॅमच्या आतबाहेर. एफएननं अशी दहा लाखांहून अधिक पिस्तुलं विकली. ब्राउनिंग १९२६ मध्ये गेला तोही हेर्स्तालच्या कारखान्यात, काम चालू असताना.

या पिस्तुलांची करामत त्यांच्या साधेपणात आहे. नळी जागची हलत नाही. गोळी सुटली की वायूचा दाब काडतुसाचं नळकांडं मागे ढकलतो आणि त्यासोबत स्लाइड. तिला थोपवून धरायला कुठली कडी नाही, खिट्टी नाही. असतं ते फक्त तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग. तेवढ्या क्षणभराच्या आडकाठीत गोळी नळीबाहेर पडते, मग स्लाइड मागे जाऊन रिकामं नळकांडं फेकते आणि परत येताना नवं काडतूस चेंबरमध्ये सारते. भाग थोडे, बिघाड थोडे. पण काडतूस जोरदार हवं तर स्लाइड जड करा, नाहीतर स्प्रिंग कडक करा. तिसरा मार्ग नाही. जुन्या बनावटीच्या पिस्तुलाची स्लाइड ओढताना संधिवाताच्या बोटांना जे कष्ट पडतात, त्याचं मूळ इथे आहे.

मराठी वाचकाला ब्राउनिंग हे नाव नवं नाही. लंडनहून चतुर्भुज अमीन याच्यासोबत विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात धाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्यानं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या यांतल्याच पिस्तुलानं. बारा वर्षांमागे ऑग्डेनहून हेर्स्तालला गेलेला नमुना एव्हाना गोदाकाठी पोचला होता. लांब नळीचं रिव्हॉल्व्हर अंगावर बाळगून भरल्या नाट्यगृहात शिरणं सोपं नव्हतं. चपटं पिस्तूल कपड्यांत सहज दडलं. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

आणि ३० जानेवारी १९४८. नथुराम गोडसेनं बिर्ला भवनात गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या त्या वर सांगितलेल्या बेरेटा १९३४ मधून. प्रार्थनेला जमलेल्या माणसांत ते पिस्तूल कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. खिशातल्या पिस्तुलाबद्दल मराठीत लिहिताना ही दोन नावं टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ज्या गुणासाठी सावध माणूस ते स्वतःच्या रक्षणाला घेतो, त्याच गुणासाठी मारेकरीही ते निवडतो, आणि यंत्राला यातला फरक कळत नाही.

अमेरिकेच्या सरकारनं हा फरक मापानं करून पाहिला. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर बंदूक नियंत्रण कायदा आला आणि परदेशी पिस्तुलांना लांबी, उंची, वजन, सेफ्टी यांवर गुण देण्याची कसोटी लागू झाली. वॉल्थर कंपनीचं पीपीके, जेम्स बाँडच्या हातातलं, त्या कसोटीला उतरलं नाही. कंपनीनं मग त्याच्या भावंडाचा, पीपीचा, उंच सांगाडा घेतला, त्यावर पीपीकेची आखूड स्लाइड चढवली आणि पीपीके/एस नावानं ते अमेरिकेत आणलं. कायदा आयातीला होता, देशात बनवण्याला नव्हता. त्यामुळे लहान पिस्तुलांचं काम अमेरिकेतल्याच कारागिरांकडे आलं. जर्मनीहून आलेले लुडविग सीकॅम्प यांनी कनेटिकटमध्ये १९८० च्या दशकात .३२ चं एक पिस्तूल काढलं: १०८ मिलिमीटर लांब, पोलादी, आणि त्यावर माशी वगैरे काहीच नाही. हे पिस्तूल हातभर अंतरावरच वापरायचं, तिथे नेम धरायला सवड कुठली, हा त्यामागचा विचार. मला तो प्रामाणिक वाटतो. आपलं यंत्र काय करू शकणार नाही, हे त्यांनी त्याच्या अंगावरच सांगून टाकलं.

पुढची उडी फ्लोरिडातली. १९८७ मध्ये त्या राज्यानं ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या नागरिकाला लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना द्यायलाच हवा असा कायदा केला आणि एकेक राज्य त्या वाटेनं गेलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कचा कडक नियमही रद्द केला. पोलीस किंवा रक्षक नसलेली लाखो माणसं या काळात पिस्तूल अंगावर घेऊन कामाला जायला लागली, आणि त्यांना हवं होतं दिवसभर जाणवणार नाही असं काही. फ्लोरिडातल्याच कोको गावी स्वीडनहून आलेला जॉर्ज केलग्रेन हा अभियंता बसला होता. त्याच्या केल-टेक कंपनीचं पी-३२ १९९९ मध्ये आलं: प्लॅस्टिकचा सांगाडा, वजन अवघं १८७ ग्रॅम. त्यानं ब्राउनिंगचंच दुसरं तत्त्व खिशात आणलं. मोठ्या लष्करी पिस्तुलांत नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकींत अडकून मागे जातात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकून सुटं होतं. या अडकण्यामुळे स्लाइड हलकी चालते, स्प्रिंग मऊ चालते. २००३ मध्ये त्याच धाटणीचं .३८० आलं आणि पाच वर्षांनी रुगरनं तशाच बांध्याचं एलसीपी काढलं. त्याच वर्षी कंपनीला सुरुवातीची एलसीपी परत मागवावी लागली, कारण कठीण जमिनीवर पडलं तर पिस्तूल आपोआप उडण्याचा धोका होता. प्रत्येक भाग हलका करत नेला की सुरक्षिततेला किती थोडी जागा उरते ते यातून दिसलं.

मग निवडायचं कसं? माझ्या मते पहिला प्रश्न पिस्तुलाचा नाही, कपड्यांचा आहे. पॉकेट पिस्तुलाची सगळी मापं पुरुषाच्या पॅंटच्या पुढच्या खिशावर बेतलेली आहेत. बायकांच्या पॅंटचा खिसा बहुधा बराच उथळ असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी हे माप मुळातच अर्थहीन. मग पर्स येते, आणि पर्स खुर्चीला लटकते, हिसकावली जाते, लहान मुलाच्या हाती लागते. अशा वेळी कमरेला आतून बांधायचं होल्स्टर आणि जरा मोठं पिस्तूल हेच जास्त शहाणपणाचं. २०१८ मध्ये आलेलं सिग सावरचं पी३६५ एलसीपीहून लांबीला जेमतेम दीड सेंटिमीटर मोठं आहे, वजनाला जवळपास दुप्पट; पण त्यात अकरा गोळ्या राहतात, माशी नीट दिसते आणि पूर्ण ताकदीचं नऊ मिलिमीटरचं काडतूसही हाताला सोसतं. ज्याला कमरेला बांधणं जमतं, त्यानं निव्वळ हौसेनं त्याहून लहान घेऊ नये.

दुसरा प्रश्न बोटांचा. स्लाइड ओढता येत नसेल तर पर्याय आहेत. बेरेटाच्या काही छोट्या पिस्तुलांत बाजूची कळ दाबली की नळीच वर उघडते आणि काडतूस हातानं आत ठेवता येतं. स्लाइडला हात लावावा लागत नाही. स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर तर ओढण्या-भरण्याची कटकटच ठेवत नाही, एक काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं समोर येतं. मात्र तो चाप पाच किलोच्या आसपास जड असतो आणि चारशे ग्रॅमच्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का एलसीपीलाही मागे टाकतो. धक्क्याच्या भीतीनं .२२ कडे वळणारेही पुष्कळ. तो हट्ट मला वाईट वाटत नाही, फक्त .२२ ची काडतुसं इतरांपेक्षा जास्त वेळा फुसकी निघतात हे ठाऊक असावं.

होल्स्टरवर मात्र घासाघीस नको. पिस्तूल खिशात नुसतं टाकणं म्हणजे अपघाताला बोलावणं. खिशाच्या होल्स्टरनं चाप पूर्ण झाकलेला हवा, त्याचं बाहेरचं अंग खरबरीत हवं म्हणजे पिस्तूल उपसताना ते खिशातच राहील, आणि त्या खिशात किल्ली, नाणं, रुमाल काही म्हणजे काही असता कामा नये. बहुतेक लहान पिस्तुलांचा चाप मुद्दाम लांब आणि जड ठेवलेला असतो, तीच त्यांची खरी सेफ्टी. तो हलका करून देणारे सुटे भाग बाजारात मिळतात, ते घेऊ नयेत.

आपल्याकडे ही निवड जवळपास नाहीच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार नऊ मिलिमीटर हे निषिद्ध बोअर, त्यामुळे परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं, आणि निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं पाचशे ग्रॅमचं .३२ रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून बाजारात आणलं आणि दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचारातल्या मुलीच्या आठवणीत त्याला निर्भीक नाव दिलं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. ती मुलगी रात्री बसनं घरी चालली होती. बसनं जाणाऱ्या मुलीला सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर आणि त्याचा परवाना कुठून मिळणार, याचं उत्तर कारखान्याकडे नव्हतं, आणि तिच्या आठवणीचं नाव त्या मालाला द्यायला नको होतं असं मला आजही वाटतं.

अमेरिकेत ज्याला निवड करायची आहे, त्याच्यासाठी बहुतेक मोठ्या रेंजवर पिस्तुलं भाड्यानं मिळतात. एलसीपी आणि पी३६५ शेजारी ठेवून दोन्हींतून पन्नास-पन्नास गोळ्या झाडाव्यात, सात पावलांवरच्या कागदावर. पंचविसाव्या गोळीनंतर कोणता हात कुठे कचरतो ते भोकांवरून लगेच दिसतं. घेतल्यावरही दर आठवड्याला रिकामं करून, चेंबर दोनदा तपासून, नळीतली आणि घोड्याजवळची खिशातली लव काढायची. घामानं स्लाइडवर गंज धरतो, आणि रोज बाळगलेली काडतुसं दर काही महिन्यांनी रेंजवर झाडून नवी भरायची.