‘बिटस्ट्रीम’ की ‘पीसीएम’? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाहूवाडी तालुक्यात, मलकापुरापासून आंब्यापर्यंतच्या ज्या घरांत डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेअर अद्याप जपून ठेवलेला आहे आणि त्याला अलीकडे साउंडबार वा अँप्लिफायर जोडण्यात आला आहे, तेथे ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ ही सेटिंगमधील ओळ पुष्कळ मनस्तापास कारण होते. तिच्याखालच्या ‘बिटस्ट्रीम’, ‘रॉ’, ‘पीसीएम’, ‘ऑफ’ या शब्दांचा अर्थ विक्रेता सांगत नाही आणि माहितीपुस्तिका सांगते ती अर्धवट. परिणामी ऐकीव माहितीवर भिस्त ठेवली जाते आणि निर्दोष यंत्र नादुरुस्त ठरून दुरुस्तीच्या दुकानाकडे रवाना होते.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, ‘बिटस्ट्रीम’ ही उच्च प्रतीची निवड असून ‘पीसीएम’ ही दुय्यम प्रतीची आहे. चित्रपटाच्या तबकडीवरील ध्वनी बहुधा डॉल्बी डिजिटल अथवा डीटीएस पद्धतीने संक्षिप्त करून, जणू मोहोरबंद लखोट्यात घालून, ठेवलेला असतो. ‘बिटस्ट्रीम’, किंवा काही यंत्रांवर ‘रॉ’, निवडले असता प्लेअर तो लखोटा न फोडता पुढच्या यंत्राच्या हवाली करतो; ‘पीसीएम’ निवडले असता तो स्वतः फोडून आतला मजकूर पाठवितो. म्हणजे ही निवड गुणवत्तेची नसून अधिकारक्षेत्राची आहे. २००६ साली बाजारात आलेल्या ब्लू-रे तबकड्यांवरील डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे प्रकार तर असे आहेत की, त्यांत मूळ ध्वनीचा एकही अंक गमावला जात नाही. तेव्हा उकल प्लेअरने केली काय किंवा अँप्लिफायरने केली काय, हाती येणारे अंक तेच राहतात. अँप्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर ‘डॉल्बी’ हे नाव उजळले की ध्वनी अधिक शुद्ध झाला, ही समजूत म्हणूनच निराधार आहे.

दुसरा गैरसमज अधिक खर्चाचा. चित्र येते, आवाज मात्र मुळीच येत नाही, म्हणून प्लेअर बिघडला असे मानले जाते. पुष्कळदा घडलेले असते ते एवढेच की, प्लेअर ‘बिटस्ट्रीम’वर आहे आणि पलीकडच्या यंत्रास तो प्रकार उकलता येत नाही. अनेक टीव्ही संच डॉल्बी समजतात, पण डीटीएस समजत नाहीत. त्यामुळे एक तबकडी बोलते आणि दुसरी मुकी राहते, ही विसंगती ज्याने अनुभवली असेल त्याने दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी ‘पीसीएम’ निवडून पाहावे. लाल-पांढऱ्या पिनांच्या साध्या वायरीने आवाज घेतला जात असेल, तर बहुतेक प्लेअरमध्ये या सेटिंगचा तिच्याशी काही संबंध येत नाही.

मात्र ‘पीसीएम’ सर्वत्र निर्धोक, हेही खरे नव्हे, आणि येथे वायरीचा विचार अपरिहार्य होतो. ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल या दोन वाटांपैकी पहिली प्रकाशाची म्हणून श्रेष्ठ, असे सांगितले जाते. वस्तुतः दोहोंतून एकाच प्रकारचा संदेश जातो, आणि त्या संदेशाच्या रचनेत उकललेल्या ध्वनीच्या दोनच वाहिन्यांना जागा आहे, कारण ती मुळात सीडीच्या काळातील, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दोन वाहिन्या डोळ्यांपुढे ठेवून घडविलेली आहे. म्हणून पाच स्पीकर व एक सबवूफर असा ‘५.१’ संच ऑप्टिकल वायरीने जोडलेला असताना ‘पीसीएम’ निवडले, तर सहा वाहिन्यांच्या दोन होऊन बसतात. तेथे ‘बिटस्ट्रीम’च योग्य. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल सेकंदाला फार तर ४,४८,००० बिटांत आटोपत असल्याने त्या चिंचोळ्या वाटेतून सुखेनैव जाते. ट्रूएचडी मात्र जात नाही. एचडीएमआयने जोडणी केल्यास, आणि दोन्ही यंत्रे तेवढी समर्थ असल्यास, ही अडचण उरत नाही.

‘५.१’ हा आकडा पाहून कोणत्याही तबकडीतून चहूबाजूंनी ध्वनी येईल, ही अपेक्षाही चुकीची. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे: प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात निर्माण केलेला, १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट एकवाहिनी ध्वनीचा आहे. त्या काळच्या चित्रपटाच्या तबकडीतून सेटिंग कितीही फिरवली तरी मूळ एक वाहिनीच हाती येणार. व्हीसीडी तर जात्याच दोन वाहिन्यांची असते. मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते सेटिंगने निर्माण होत नाही, आणि जुन्या चित्रपटांच्या बाबतीत तरी तसा हट्ट धरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते; कृत्रिम प्रतिध्वनीची भर घातली म्हणजे त्या नटांची स्पष्ट, कमावलेली वाणीच गढूळ होते.

या तालुक्यास ज्या सेटिंगचा खरा उपयोग आहे, ती मात्र सहसा कोणी उघडूनही पाहत नाही. आषाढ-श्रावणात विशाळगड-आंबा परिसरात पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवावा तर लढाईच्या प्रसंगी घर हादरते आणि निजलेली मुले उठतात. ‘डायनॅमिक रेंज कंट्रोल’ किंवा ‘नाइट मोड’ हळू आवाज उचलतो आणि मोठा दाबतो. ती चालू करूनही काही फरक पडत नाही अशी तक्रार असल्यास कारण पुन्हा तेच: ‘बिटस्ट्रीम’मध्ये प्लेअर लखोटा फोडतच नाही, त्यामुळे त्याची ही सेटिंग निष्प्रभ ठरते. तेव्हा एकतर पावसाळ्यापुरते ‘पीसीएम’ निवडावे, नाहीतर हाच पर्याय अँप्लिफायरच्या यादीत शोधावा. डॉल्बीच्या ध्वनीसोबत या नियमनाच्या सूचना तबकडीवरच नोंदलेल्या असतात. गाण्यांच्या सीडीवर तशा नसतात, म्हणून सीडी लावल्यावर ही सेटिंग सहसा काहीच करीत नाही.