फिरत्या फोनचा पत्ता

दिवाळी सरली आणि भाताचीं खळीं उरकलीं, कीं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून अनेक आदिवासी कुटुंबें कामासाठीं घाट उतरूं लागतात. कांहीं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, कांहीं वसईकडे बांधकामावर. पावसाळा तोंडावर आला म्हणजे तीं परततात. अशा कुटुंबाच्या नांवें गांवच्या पत्त्यावर पत्र आलें, तर तें पोंचावें कसें? पोस्टांत नवा पत्ता कळविलेला असेल, तर तो पाकिटावर घालून पत्र पुढें धाडतां येतें. नसेल, तर तें पडून राहतें. खिशांतील मोबाईल फोनमुळें इंटरनेटपुढें उभा राहिलेला प्रश्न थेट याच जातीचा आहे.

जगभरच्या संगणकांनीं आपसांत बोलतांना जे नियम पाळावयाचे, त्यांस प्रोटोकॉल म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेंतील आर्पानेट या जाळ्यानें ज्या नियमांचा स्वीकार केला, तेच आजच्या इंटरनेटचा पाया आहेत. त्यांनुसार प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता मिळतो, व संदेशाचे लहान लहान तुकडे त्या पत्त्याच्या आधारें वाट काढीत जातात. त्या काळचे संगणक खोलींत ठाण मांडून बसलेले असत. म्हणून ‘हें यंत्र कोणतें’ आणि ‘हें यंत्र कोठें आहे’ या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच पत्त्यांत सामावलें गेलें, आणि त्यांत कांहीं अडलें नाहीं. यंत्र माणसाच्या हातांतून हिंडूं लागलें, तेव्हां मात्र ही सोय अडचण ठरली.

जव्हारहून मोखाड्यास निघालेली एस.टी. वळणें घेत जाते, तेव्हां प्रवाशाचा फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. एकाच कंपनीच्या जाळ्यांतील हा बदल कंपनी परस्पर सांभाळते, व पत्ता बहुधा तोच राहतो. परंतु डोंगराआड संपर्क पुरता तुटून पुन्हां जुळला, किंवा फोन कचेरींतील वाय-फायवर गेला, तर पत्ता पालटूं शकतो. मग पलीकडच्या संगणकास वाटतें, कीं ओळखीचा माणूस निघून गेला आणि कोणी परका दारांत आला. अर्ध्यावर आलेलें काम पुन्हां पहिल्यापासून करावें लागतें, त्याचें एक कारण हें आहे.

यावरील पहिला मोठा उपाय पोस्टासारखाच होता. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मोबाईल आयपी’ या प्रोटोकॉलानुसार यंत्राचा मूळ पत्ता कायम राहतो व तेथें एक मध्यस्थ नेमला जातो. यंत्र जेथें जाईल तेथील तात्पुरता पत्ता त्यास कळवितें, आणि तो आलेले संदेश तिकडे वळवितो. युक्ति सरळ, पण संदेशांस वळसा पडतो, आणि मध्यस्थ ठेवावा कोणीं, हाही प्रश्न उरतो. २००२ व २०१० सालीं हे नियम सुधारले गेले, तरी सामान्य फोनमध्यें ते रुळले नाहींत.

दुसऱ्या उपायाचें मर्म रेशनकार्डावरून चांगलें समजतें. पूर्वीं कार्ड एका दुकानाशीं बांधलेलें असे. गांव सुटलें कीं धान्यही सुटे. २०१९ पासून ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेखालीं हा हक्क दुकानापासून सोडवून कार्डधारकाच्या ओळखीशीं जोडण्यास आरंभ झाला. मे २०२१ मध्यें मान्य झालेल्या ‘क्विक’ या प्रोटोकॉलानें तसेंच केलें. त्यानें संभाषणासच स्वतंत्र ओळख-क्रमांक दिला. पत्ता पालटला तरी फोन क्रमांक सांगतो, पलीकडचा संगणक नव्या पत्त्याची खातरजमा करून घेतो, आणि बोलणें तुटल्या जागेपासून पुढें चालतें. शिवाय जुन्या पद्धतींत कामाचा पहिला शब्द निघण्यापूर्वीं ओळख व गुप्तता यांसाठीं दोन-तीन खेपा होत. येथें पहिल्या भेटीस एक खेप पुरते. शहरांत हा क्षणाचा फरक. पण दुर्बळ रेंजवर प्रत्येक खेप हरवण्याचा संभव असतो, म्हणून तेथें तोच फरक मोलाचा.

या भागांत तर तो फार मोलाचा. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. २०२१ पासून अंगणवाडींतील बालकांच्या वजनाची नोंद ‘पोषण ट्रॅकर’वर फोनमधून होऊं लागली. रेशनच्या यंत्रावर टेकविलेल्या अंगठ्याची पडताळणीही जाळ्यावरूनच होते. वाटेंत अडकलेली नोंद ही तेथें केवळ यंत्राची कुरबूर नसते. तिच्यामागें एखाद्या घरचें धान्य अडकलेलें असतें.

अर्थात् जेथें टॉवरच नाहीं, तेथें प्रोटोकॉल कांहीं करूं शकत नाहीं. मिळालेली क्षीण रेंज वायां जाऊं न देणें, एवढेंच त्याच्या हातीं असतें. तेंही फोन व कचेरीचा संगणक या दोघांनीं नवा नियम स्वीकारला तरच साधतें. त्याजोडीला, रेंज नसतां नोंद फोनमध्येंच जपून ठेवावी व रेंज येतांच धाडावी, अशी व्यवस्था कार्यक्रम रचणारांनीं केली पाहिजे.

हे नियम एकदां लिहून संपत नाहींत. १९८६ सालीं सुरू झालेलें ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ हें अभियंत्यांचें मंडळ त्यांची देखभाल करितें. १९८१ सालचा ‘टीसीपी’ प्रोटोकॉल, चाळीस वर्षांच्या दुरुस्त्या एकत्र करून, ऑगस्ट २०२२ मध्यें नव्यानें प्रसिद्ध झाला. मंडळाचे नियमग्रंथ कोणासही विनामूल्य वाचतां येतात व चर्चेंत कोणासही भाग घेतां येतो. म्हणून जव्हारच्या विद्यार्थ्यासही तें दार मोकळें आहे; आणि रेंज हरवते म्हणजे काय, हें शिकविण्यास त्याला दुसऱ्या कोणाची गरज नाहीं.