पुण्यात शिकणाऱ्या पोरांनो, पोट मारून पैसे वाचत नाहीत! मार्केट यार्डातला हा हिशेब बघा

रात्री गावातून निघालेला भाजीचा टेम्पो पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात रिकामा होतो. त्याच गावातलं पोरगं तिथून जवळच, बिबवेवाडीत नाहीतर धनकवडीत, कॉट बेसिसवर राहून कॉलेज करत असतं. महिन्याची २० तारीख उलटली की सकाळी वडापाव आणि रात्री चहा-बिस्कीट. घरून फोन आला की म्हणायचं, "जेवलो."

याला बचत म्हणत नाहीत. दोन-तीन महिन्यांत अंगात अशक्तपणा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात. मग बचत करायची कुठे?

पैसा जातो कुठे?

रूमचं भाडं आणि कॉलेजची फी आपल्या हातात फारशी नसते. हातात असतो तो जेवणाचा खर्च आणि किरकोळ खर्च. फोनवरून स्कॅन करून दिलेले २०-३० रुपये लक्षातही राहत नाहीत. म्हणून एक महिना रोज रात्री वहीत खर्च लिहा. कितीचा चहा, कितीचा नाश्ता, कितीची रिक्षा. गळती कुठे आहे ते आपोआप दिसेल.

मार्केट यार्डात खरेदी कशी करायची?

गुलटेकडीचं मार्केट यार्ड स्वारगेटपासून जवळ आहे. हा घाऊक बाजार आहे, त्यामुळे पावशेर-अर्धा किलोसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. तीन-चार रूममेटनी कॉन्ट्री काढून एकत्र माल घेतला तरच फायदा होतो. जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा :

- कांदा, बटाटा आणि फळभाज्यांचा भाव १० किलोचा सांगतात. "कांदा २००" म्हणजे किलोला २० रुपये. पालेभाजीचा भाव शेकड्यावर, म्हणजे १०० जुड्यांचा असतो.
- फळ-भाजीपाला विभागाला शनिवारी सुट्टी असते. रविवारी आवक जास्त असते, गर्दीही तेवढीच.
- राज्यात २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते. त्यामुळे सांगितलेल्या भावात सगळं धरलंय की वर काही द्यायचंय, हे आधीच विचारा.
- टिकणारा माल तिथून घ्या : कांदा, बटाटा, लसूण आणि भुसार बाजारातून डाळ, तांदूळ, गूळ. मेथी-कोथिंबीर गल्लीतल्या भाजीवालीकडूनच घ्या. स्वस्त म्हणून आणलेली आणि तिसऱ्या दिवशी सडलेली भाजी सगळ्यात महाग पडते.
- येताना रिक्षा केली की वाचलेले पैसे तिथेच गेले. दोघांनी जा, दोन पिशव्या घ्या, पीएमपी बसने या.

वाकड किंवा औंधला राहणाऱ्यांनी एवढ्या लांब येऊ नये. आपल्या भागातला आठवडे बाजार गाठावा.

चौघांचा महिन्याचा हिशेब

समजा मेसचे माणशी ३,२०० रुपये आहेत. चौघांचे झाले १२,८००. आता रूमवर स्वयंपाक केला तर अंदाजे असा खर्च येईल (भाव कमी-जास्त होतात, आपला आकडा आपण घालावा) :

- गहू-ज्वारी ४० किलो, दळणासह : १,४००
- तांदूळ १५ किलो : ७५०
- डाळी-कडधान्य ८ किलो : ९६०
- तेल ५ लिटर : ७५०
- कांदा-बटाटा २० किलो : ५००
- बाकी भाजी : १,५००
- मीठ, मसाला, साखर, चहा पावडर : ६००
- दूध : ९००
- गॅस : १,२००

एकूण ८,५६०, म्हणजे माणशी २,१४०. महिन्याला हजाराच्या वर वाचले. कॉलेजचे १० महिने धरले तर माणशी १०,६०० रुपये. तेही दोन वेळा पोटभर जेवून.

गावाकडून धान्य आणलं तर खिशातून जाणारे पैसे आणखी कमी होतात. पण घरचं धान्य फुकट नसतं. ते विकलं असतं तर बापाच्या हातात पैसे आले असते, हे पोरांनी विसरू नये.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्र दाखवून अधिकृत गॅस एजन्सीकडे मिळतो. कुठल्या तरी दुकानात चोरून भरून घेऊ नका, त्यात जिवाला धोका आहे. रूममालकाची परवानगी आधी घ्या. आणि कामाच्या पाळ्या ठरवा : दोघांनी चपात्या-भाजी, दोघांनी भांडी. नाहीतर हिशेबाआधी मैत्री मोडते.

स्वयंपाक जमत नसेल तर?

परीक्षेच्या महिन्यात सरळ डबा लावा, त्यात कमीपणा नाही. शिवाय पुण्यात 'कष्टाची भाकर' आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने १९७४ मध्ये हे केंद्र सुरू केलं. दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाला परवडेल असं ताजं जेवण मिळावं म्हणून ना नफा ना तोटा तत्त्वावर ही सोय झाली. आज तिथे विद्यार्थीही जेवतात. वडापाववर दिवस काढण्यापेक्षा तिथली भाकरी-भाजी केव्हाही चांगली.

सगळ्यात मोठी रक्कम फॉर्ममध्ये

कांद्या-बटाट्यात वर्षाला १० हजार वाचतील. पण एक फॉर्म वेळेत भरला नाही तर त्याच्या कितीतरी पट जातात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या, नियमात बसणाऱ्या विद्यार्थ्यांना पुण्यात राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे.

त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. हे दाखले तहसीलमधून उन्हाळ्याच्या सुट्टीतच काढून ठेवा. ॲडमिशननंतर धावपळ केली की मुदत निघून जाते. फॉर्म भरून झाल्यावर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तो पुढे गेला का, हेही विचारा. कित्येक अर्ज तिथेच अडकतात.

गावी येता-जातानाही बघा : मार्च २०२३ पासून मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे.

आई-वडिलांनी एवढं करावं

फोनवर "पैसे पुरतात का?" विचारलं की पोरं "हो" म्हणतात. त्यापेक्षा "आज काय भाजी केली?" असं विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर समजा, पोरगं उपाशी आहे. बाजाराच्या दिवशी आडत्याकडे पट्टी घ्यायला पुण्याला जाल, तेव्हा तासभर पोराच्या रूमवरही जाऊन या. डब्यातलं पीठ आणि वहीतला खर्च, दोन्ही बघून या.